मुकादमसाहेबांची पुढची जागा

माझे नाव रघुनाथ ज्ञानदेव निकम. वय वर्षे चौऱ्याहत्तर, मुक्काम जुईनगर. नाव आणि वय आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकीकत ऐकल्यावर तुम्ही विचारणारच, की एवढ्या वयाच्या माणसाने असे केले? होय, एवढ्याच वयाच्या माणसाने केले. चहा घ्या आणि ऐका. मध्येच हसू आले तर हसा. आमची सौभाग्यवती तर मी तोंड उघडण्यापूर्वीच हसू लागते.

माझी शाळा चौथीत सुटली. साताऱ्याकडून आलो आणि वाशीच्या बाजारात कांद्याच्या गोण्या पाठीवर घेतल्या. परंतु गोणीखाली अंथरलेली रद्दीसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकली नाही. रद्दी संपल्यावर ग्रंथालय धरले. इतिहास, भूगोल, किल्ले, नद्या, बंदरे, जे मिळेल ते वाचले आणि जे वाचले ते लक्षात ठेवले. त्यामुळे आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सहल निघाली, की चालकाशेजारची जागा माझी आणि ध्वनिक्षेपकही माझा. लोक त्याला माईक म्हणतात. म्हणोत. सहलीत लोक काय पाहतात याला महत्त्व नसते. निकमांनी काय सांगितले याला असते, अशी माझी समजूत होती. संघाची तशी समजूत होती की नाही, हे विचारण्याची मला कधी गरज वाटली नाही.

आणि मग आमच्या इमारतीत हुसेन मुकादम राहायला आले.

गृहस्थ मूळचे मुरुडकडचे, पनवेलला औषधांचे दुकान होते, आता निवृत्त. उंच, गोरे, पांढरी शुभ्र दाढी, आणि बोलणे असे की ऐकणारा नकळत एक पाऊल पुढे सरकतो. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाचा राग यायला काही कारण लागते का? मला तर तो आयताच आला.

यंदाची सहल ठरली ती अलिबाग, रेवदंडा, काशिद, मुरुड अशी, समुद्राच्या कडेकडेने. बैठकीत चिटणीस म्हणाले, या वेळी माहिती सांगायला मुकादमसाहेब आहेत, त्यांचाच मुलूख आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हात माझेच होते, पण त्यांत मी नव्हतो. त्या किनाऱ्याविषयी मी जेवढे वाचले आहे तेवढे तिथल्या माणसांनी पाहिलेही नसेल, असे मी घरी येऊन सौभाग्यवतीला म्हणालो. तिने विचारले, "अहो, पण तुम्ही गेलाय का कधी तिकडं?"

हा प्रश्न अप्रस्तुत होता.

सहलीच्या दिवशी बस निघाली आणि मुकादमांनी माझ्या, म्हणजे पुढच्या, जागेवरून बोलायला सुरुवात केली. मी मागे खिडकीशी कान टवकारून बसलो होतो, एखादी तरी चूक सापडेल या आशेने. पण हा मनुष्य सनावळ्या सांगेच ना! पावसाळ्यात होडी घराच्या पडवीत कशी आणून ठेवतात, मामाने त्यांना पोहायला शिकवताना पाण्यात कसे ढकलून दिले, आई माशांच्या कालवणात कोकम टाकताना कोणाला स्वयंपाकघरात का येऊ देत नसे, असलेच काहीतरी. यात चूक काढायची तरी कुठून? आणि बस हसत होती. आमची सौभाग्यवती पदर तोंडाला लावून हसत होती. बेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या माहितीवर ती अशी एकदाही हसलेली नाही.

त्यात वडखळच्या पुढे तिला मळमळू लागले. मुकादमांनी खिशातून गोळी काढून दिली आणि वर आवळासुपारी. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "किती काळजी घेतात हो ते." त्या क्षणी मला जो आजार जडला त्यावर मुकादमांच्या दुकानात औषध नव्हते.

रेवदंड्याला पुलाच्या अलीकडे चहासाठी थांबलो. मी चिटणीसांना खणखणीत आवाजात सांगितले, की आता यापुढे मी पुढे बसणार. सौभाग्यवतीनेही ऐकले, मुकादमांनीही ऐकले. मी चहा अर्धा टाकला आणि त्यांच्याआधी जागा पकडण्यासाठी तरातरा निघालो.

टपरीबाहेर दोन बस उभ्या होत्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींच्या काचांना निळे पडदे. माझ्यासारख्या सावध माणसाने पाटी वाचायला हवी होती, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. परंतु मत्सराला अक्षरओळख नसते. मी पुढचे दार उघडले, वर चढलो आणि चालकाशेजारी बसलो. चालकाने माझी पांढरी टोपी पाहिली आणि विचारले, "काका, तुमीच ना पुढं बसनारे?"

मी म्हणालो, "मीच. दुसरा कोण बसणार?"

"मग चला. टेन्शन नाय." आणि त्याने बस सुरू केली.

हा चालक सकाळचा नव्हता, हे माझ्या ध्यानात कसे आले नाही? अहो, सकाळपासून मी चालक पाहिलाच नव्हता. मी मुकादमांची पाठ पाहत होतो. चालकाच्या मागे काच, काचेला पडदा. त्यामुळे मागची मंडळी मला दिसत नव्हती. मागे कसलेसे गाणे चालू होते. मी चालकाला ते बंद करायला सांगितले. त्याने निमूटपणे बंद केले. ध्वनिक्षेपक समोरच अडकवलेला होता. हातात घेतला, घसा साफ केला आणि म्हणालो, "सुज्ञ सहप्रवासी हो!"

मागे एकदम शांतता पसरली.

पूल ओलांडला की रस्ता फुटतो. उजवा समुद्राच्या कडेने मुरुडकडे जातो, डावा आत रोह्याच्या बाजूला. चालक थांबला आणि म्हणाला, मॅप लेफ्ट दाखवतोय. मी त्याला म्हणालो, "त्या यंत्राचे ऐकू नका. हा सारा प्रदेश मी वाचलेला आहे. उजवीकडे घ्या." त्याने घेतले.

मग मी जे बोललो ते, मित्रहो, माझ्या आयुष्यातले सर्वोत्कृष्ट भाषण होते. कोर्लईचा किल्ला दिसला आणि मी पोर्तुगिजांपासून सुरुवात केली. त्या गावात आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात हे सांगितले. भरती-ओहोटीची कारणे सांगितली. मुकादमांनी सकाळी टाळलेल्या सगळ्या सनावळ्या व्याजासह सांगितल्या. आणि मागे कोणी खोकलेसुद्धा नाही! आमच्या संघात मी बोलू लागलो की कुणाला डबा उघडायचा असतो, कुणाला लघुशंकेला जायचे असते, आणि सौभाग्यवतीला तर हमखास वाटते की मला तहान लागली असेल. आज काही नाही. मी मनात म्हणालो, बघा मुकादम, होड्या आणि कोकम सांगून हसू मिळते; विद्वत्तेला अशी शांतता मिळते.

वळणावर चालकापुढच्या आरशात मागच्या पडद्याची फट क्षणभर दिसली. टोप्या, भरजरी पातळे, गजरे. आमच्या बायकांनी गजरे कधी घेतले, असे वाटले खरे. पण म्हटले, रेवदंड्याला घेतले असतील. मन एकदा सुखावले, की शंकांना बसायला जागाच उरत नाही.

काशिद आले. सुरूच्या झाडांपलीकडे पांढरी वाळू आणि निळे पाणी. मी बस थांबवायला लावली आणि जाहीर केले, की सर्वांनी खाली उतरून मजबरोबर यावे. मी पुढे चालत गेलो, पाण्याच्या जरा अलीकडे थांबलो, लोकांकडे पाठ करून उजवा हात समुद्राकडे पसरला आणि म्हणालो, "पाहा! याचसाठी आपण आलो!"

मागून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "बाबा, मंडप कुठं हाय? यो तं दर्या हाय."

मी वळलो.

आता डोळ्यांपुढे आणा. काशिदची वाळू. वाळूत घोट्यापर्यंत रुतलेली नटलेली मंडळी. बायकांच्या हातांत ताटे, ताटांत साडी, नारळ, पेढे, खण. मधोमध सूट घातलेला एक तरुण, कपाळाला टिळा, बुटांत वाळू. आणि त्या सगळ्यांत ओळखीचा एकही चेहरा नाही. सर्व जण माझ्याकडे अत्यंत आदराने पाहत होते.

हळूहळू उलगडा झाला तो असा. ही नावडे गावची मंडळी, मुलाचा साखरपुडा करायला मुलीच्या गावी निघालेली. पाहण्याचा कार्यक्रम पनवेलला झालेला, त्यामुळे मुलीचे घर कोणी पाहिले नव्हते. मुलीच्या वडिलांनी फोनवर सांगितले होते, की पाहुण्यांना सामोरे जाऊन घेऊन यायला आमचे एक वयस्कर आबा पुलाजवळच्या टपरीपाशी थांबतील, टोपी पांढरी असेल. खरे आबा टपरीच्या मागच्या अंगाला तंबाखू मळत राहिले, आणि त्यांच्या जागेवर मी चढलो. मुलीकडून आलेल्या वडीलधाऱ्याला साखरपुड्याच्या दिवशी कोण अडवणार? तो उजवीकडे म्हणाला, उजवीकडे. गाणे बंद म्हणाला, बंद. पोर्तुगिजांविषयी बोलला, ऐकून घेतले. यांच्याकडची रीत असेल, असे म्हणे त्यांना वाटले.

मुलाचे वडील पुढे आले. "तुमी पोरीवाल्यांचं ना?"

"मी संघाचा," मी म्हणालो.

"कनच्या संघाचा?"

या प्रश्नावर मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा थोडक्यात बोललो. ज्येष्ठ नागरिक, जुईनगर, चुकून चढलो.

मुलाचे मामा तापले. मुलीकडच्यांनी मुद्दाम माणूस पाठवून आपली थट्टा केली, हे त्यांच्या डोक्यात बसलेले निघेना. तेवढ्यात मुलीच्या वडिलांचा फोन आला, की आबा केव्हाचे टपरीपाशी उभे आहेत, मुहूर्त टळतो आहे, तुम्ही आहात कुठे? मामा फोनवर ओरडले, "दर्यावर हावं आमी! फिरवाला आनलंय का आमाला?" आणि बस माघारी नावड्याला वळवा म्हणून चालकाला हाक मारली. तो सुटातला मुलगा माझ्याकडे बघत होता. रागाने नव्हे हो. आता आपले कसे होणार, अशा नजरेने. त्या पोराचे लग्न माझ्या पोर्तुगिजांनी मोडायला आणले होते. मी बोलायला तोंड उघडले, तर आतून फक्त एक सन ओठांवर आला. तोही गिळला.

याच मुहूर्तावर आमची बस आली. मंडळी उतरली. सौभाग्यवतीने मला त्या ताटांच्या आणि गजऱ्यांच्या मधोमध उभे पाहिले आणि जागीच थिजली. मुकादम मात्र त्यांच्या चालकाकडून सगळा प्रकार ऐकून सरळ चालत आले, मामांना सलाम केला आणि म्हणाले, "मामा, हा आमचा माणूस. फार वाचलंय त्यानं, त्यामुळं कधी कधी डोळे पुस्तकातच राहतात. चूक आमची. पोरीच्या बापाला बोल लावू नका."

मामा घुटमळले. तेव्हा ती मघाची म्हातारी, मुलाची आजी, ताटातला नारळ उचलून म्हणाली, "आता गप र्‍हा. दर्यानं बोलावलं म्हनून आलो. आधी त्याला नारळ देऊ, मंग पोरीकडं जाऊ. आज काय वाईट होनार नाय."

आजी बोलली आणि विषय संपला. मुलाने बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत वर केली आणि पाण्यात जाऊन नारळ वाहिला. बायकांनी हात जोडले. मामांनी मुलीच्या वडिलांना पुन्हा फोन केला आणि या वेळी हलक्या आवाजात बोलले, की दर्याला नारळ देऊन येतो, उशीर झाला तर सांभाळून घ्या. आजीने प्रसादाचा पेढा काढला, मी नम्रपणे हात पुढे केला, आणि तिने तो मुकादमांच्या हातावर ठेवला.

सांगा, हे न्यायाला धरून होते का? वऱ्हाड मी आणले. समुद्र मी दाखवला. आणि पहिला पेढा त्यांना! तशा प्रसंगी, लाजेने मान खाली गेलेली असताना, मला हेच टोचावे, याचे मला पुढे आश्चर्य वाटले. तेव्हा मुळीच वाटले नाही. तेव्हा मी तो पेढा पाहत होतो.

आमच्या बसकडे चालताना मी सौभाग्यवतीला म्हणालो, की मी नाही हे पाहून तुम्ही सगळे घाबरला असाल. ती म्हणाली, "घाबरायचं काय? तुम्ही पुढं बसणार म्हणाला होतात. मुकादमसाहेब म्हणाले, बसू दे निकमांना, त्यांची जागा आहे. आणि ते आमच्यात मागं येऊन बसले. तुमच्या मागचा पडदा ओढलेला, माईकचा आवाज येईना, तर मी म्हटलं, रुसले असतील. बरं, शांततेत बसमधूनच रेवदंड्याचा किल्लापण बघून झाला."

म्हणजे योग्य बसमध्ये चढलो असतो तर ती जागा माझीच होती. कोणी भांडायलासुद्धा नव्हते.

बस सुरू झाली तसे मुकादमांनी स्वतः ध्वनिक्षेपक आणून माझ्या हातात दिला. "निकमसाहेब, आता इथून मुरुडपर्यंत तुम्ही." सगळे वळून पाहू लागले. मी उभा राहिलो. घसा बसलेला होता, आणि जे जे ठाऊक होते ते सारे मी नावडेकरांना सांगून बसलो होतो. मी म्हणालो, "डावीकडे डोंगर आहे. उजवीकडे समुद्र आहे." आणि खाली बसलो. सौभाग्यवती पदर तोंडाला लावून हसली. माझ्या माहितीवर, प्रथमच.

साखरपुडा नीट पार पडला. पुढे मुलाच्या वडिलांचा मला लग्नाच्या आमंत्रणाचा फोनही आला. जोडीने या, आग्रहाने सांगतो, म्हणाले. मी भारावून गेलो. माझे त्या दिवशीचे विवेचन मंडळींना आवडले असावे, असे मी सुचवून पाहिले. मग ते म्हणाले, "काका, लग्नाला नक्की या. फकस्त आमचे बसनी येऊ नका."

त्या सहलीपासून संघात माहिती मुकादमसाहेब सांगतात. मी मागे सौभाग्यवतीशेजारी बसतो.