खेकड्याचं भोक अन् माह्या मनाची शांती

मले वाचता येत नाही, पण मोबाईल चालवता येते. बोललं का तो शोधून देते. एक दिवस त्याले म्हटलं, "सुखी कसा राहू?" काऊन का, पोरगं पुण्याले कंपनीत, पोरगी तिच्या घरी, अन् आमच्या घरचा कारभार बायकोचा. मी खुंटीवरचा जुना सदरा. कोणी घालत नाही, कोणी फेकत नाही.

मोबाईलवर एक गोरागोमटा माणूस आला. म्हणे, सकाळी शांत बसा, डोळे मिटा. हळूहळू मनात झरा वाहाले लागते, अन् जगण्याचं ध्येय सापडते.

ध्येय आमच्या गोरेगावच्या बाजारात भेटलं असतं तर घासाघीस करून आणलं असतं. भेटत नाही, म्हणून बसलो आमच्या धानाच्या बांधीच्या, म्हणजे खाचराच्या, धुऱ्यावर. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला मातीचा बांध.

त्याच दिवशी रोवणा होता, धानाची रोपं चिखलात लावाची होती. पाऊस गायब. आदल्या दिवशी विजेची लाइन होती तेवढ्यात मोटर लावून बांधी भरली होती, चिखल केला होता. बायको म्हणाली, "अजी, रोवणाऱ्या बायका येईपर्यंत पाणी पाहा. आज धान नाही लागला तर त्या उद्या सालेकशाकडं दुसऱ्याच्या रोवण्याले जातेत. मंग रोपं वाळतेत आपली."

"पाहतो ना," म्हटलं, अन् डोळे मिटले.

थोडा वेळ नुसते मच्छर. मंग आयकू आलं, झुळझुळ झुळझुळ. झरा! शाळेत कधी पहिला नंबर आला नाही, कारण गेलोच नाही. इथं पहिल्याच दिवशी आला. मी आणखीन घट्ट डोळे मिटले.

"अजी, पाणी कुठं गेलं?" बायकोच होती.

माह्या मांडीपाशीच खेकड्यानं धुरा पोखरला होता. पाणी सरळ खालच्या बांधीत, चुलतभावाच्या. तो कमरेवर हात ठेवून उभा.

"दादा, उठू नको. चालू दे तपस्या. माही बांधी भरून राहिली."

तेवढ्यात रोवणाऱ्या बायकाही आल्या. त्यायची म्होरकी म्हणाली, "भाऊजी, आम्ही चिखलात रोवतो, ढेकळात नाही. पाणी नसन तर चाललो."

लाइन गेलेली. फावडं घरी. सुख शोधायले फावडं कोण नेते? हातानं चिखल कोंबला, वाहून गेला. खांद्यावरचा दुपट्टा कोंबला, तोही गेला. मंग मीच त्या भोकात बसलो. पाणी थांबलं.

"आता हलू नका!" म्हणत बायको फावड्यासाठी घरी पळाली.

म्होरकी हासली. जिथं चिखल ओला होता तिथून तिनं बायकायले रोवाले लावलं. एकीनं विचारलं, "भाऊजी, अंडे देऊन राहिले का?" खाली खेकडाही आपला रस्ता शोधून राहिला होता. त्यानं कुठं चिमटा घेतला ते मी कोणाले सांगितलं नाही.

बायकोनं फावड्यानं भोक बुजवलं. चुलतभावानं डिझेल इंजिन लावून पाणी वर फेकलं. "घे, तुह्या तपस्येचं फळ वापस." दिवस बुडायच्या आत रोवणा झाला.

घरी जाताना बायकोनं विचारलं, "मंग, भेटलं का सुख?"

"भेटलं होतं. तू आवाज दिला अन् समजलं, खाली चाललं."

ती रस्त्यातच थांबून हासली.

आता मी रोज सकाळी धुऱ्यानं फिरतो, डोळे उघडे ठेवून. बायको लोकायले सांगते, "आमच्याकडं पाण्याचं काम हेच पाहतेत." हे आयकाले मले बरं वाटते. फावडं सोबत नेतो. नाहीच पुरलं, तर बसता येते.