बसवंतअण्णाच्या माळावरची टिकटिक

बसवंतअण्णा आठवी शिकला, पण अहमदपूरच्या बाजारात उभा राहिला की अशी छाती काढतो, जणू तारे त्यानंच पेटवले. कारण त्याची धाकटी बहीण वर्षाराणी. पुण्यात रेडिओनं आभाळ ऐकायचं शिकून राहिली पोरगी!

"आभाळ बघत्यात, ऐकत्यात व्हय?" शेजारच्या मलप्पानं बांधावरून टोमणा हाणला.

"तुला न्हाई कळायचं. आधी नुसता हायड्रोजन वायू अन् अंधार. मग पहिले तारे पेटले. त्यांच्या उजेडानं वायू बदलला अन् रेडिओच्या लहरी पिऊ लागला. पिल्या तिथं लहरींत खड्डा पडला. विश्व फुगत गेलं तशा त्या लहरी ताणून ताणून आता एफएमपाशी आल्यात. आमची वर्षाराणी तो खड्डा हुडकून राहिली."

खड्डा बारीक, माणसांचा गोंगाट लई. म्हणून अँटेनाच्या चाचणीला शांत जागा पाहिजे होती. "माझ्या माळाइतकी शांत जागा मराठवाड्यात न्हाई," अण्णानं छातीठोक सांगितलं, अन् वर्षाराणीनं तोच शब्द पुण्याच्या तिच्या सरांना दिला. दोन दिवसांत माळ शांत दिसला न्हाई, तर चाचणी दुसऱ्या जिल्ह्यात जाणार होती. बहिणीचा शब्द खाली पडणार होता.

अण्णानं गावभर मोबाईल बंद करवले. पिठाची गिरणी, मलप्पाची मोटार, सगळं बंद. तरी वर्षाराणीनं माळावर मांडलेल्या यंत्राच्या पडद्यावर दर सेकंदाला गोंगाटाची एक उभी रेघ!

"मलप्पाचंच कायतरी असंल!" अण्णा गरजला.

वर्षाराणी हातातल्या छोट्या अँटेनानं माग काढत निघाली, ती थेट अण्णाच्या हरभऱ्यापाशी थांबली. टक. टक. टक. हरणांसाठी तारेत करंट सोडणारं झटका मशीन. गावात पहिलं, अण्णाचंच!

"अण्णा, हे बंद कर की."

"अन् हरणं? भरदिवसा कळप शिरतो!"

मलप्पा पोट धरून हसला. अण्णानं बहिणीच्या तोंडाकडं बघितलं अन् खटकन बटण पाडलं. मग थाळी घेऊन बडवत शेताला फेऱ्या घालू लागला.

"वर्षे, ह्याचा गोंगाट चालतो का?"

"चालतो! थाळी रेडिओवर न्हाई वाजत."

"आपल्या लग्नात बी एवढे नाचला न्हाईत," बायको उमादेवी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मलप्पाबी डबडं घेऊन आला. रेघ गेली ती गेलीच. दोन दिवसांची नोंद बघून सर म्हणाले, "चाचणी इथंच."

पुढच्या बाजारी अण्णानं छाती आणखी वीतभर काढली. "खड्डा सापडंल तवा सापडंल. पण माझं मशीन बघा, पहिल्या ताऱ्यांच्या आधी तेच ऐकू गेलं!"