मझार गार शे

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बायकांच्या हातचं सोमवार ते शनिवार गोड लागायचं. रविवारी आमची अक्कल कुठे जायची, देव जाणे! रविवारी मटण. ते घरात शिजायचं नाही, मागच्या अंगणातल्या चुलीवर, आणि तेही आबांच्याच हातून. आम्ही फक्त मसाला वाटायचा, कांदा चिरायचा, चूल पेटवायची आणि शेवटी भांडी घासायची. बाकी सगळं आबा एकटे करायचे.

जळगावात नवी सून म्हणून आले तेव्हा मी एकदा भाबडेपणानं कालथा हातात घेतला. आबा म्हणाले, "सूनबाई, ठेव तो. बायकांना घाई असते." घाई! ताटात भाकरी यायला जरा उशीर झाला की वाटी वाजवणारे आबा मला घाईचं सांगत होते.

धाकटे भाऊजी मुंबईला नोकरीला. एका उन्हाळ्यात त्यांनी जुना फ्रीज ट्रकनं पाठवला, मागून स्वतः आले आणि हॅम्बर्गर नावाच्या पदार्थावर व्याख्यान दिलं. खिम्याच्या चपट्या टिकिया थापायच्या, गोठवून ठेवायच्या, हव्या तेव्हा भाजून पावात घालायच्या. आबांनी सगळं ऐकून एकच शंका काढली, "याम्हा हंबरनारं काही नई ना?" बकऱ्याचाच खिमा म्हटल्यावर राजी झाले. पण खिमा ठेवायचा फ्रीज घरात कसा घेणार? गल्लीतला पहिला फ्रीज आमच्या मागच्या पडवीत, चुलीच्या धुरात उभा राहिला. दुधाला त्यात मज्जाव. शेजारणी कौतुकानं बघायला यायच्या, नाकाला पदर लावून.

पहिला मान धुळ्याच्या जावयांचा. आबांनी दगडासारख्या टिकिया धगधगत्या तव्यावर टाकल्या आणि कालथ्यानं दाबदाब दाबल्या. बघता बघता काळ्याकुट्ट. "याला म्हणतात हात," मला ऐकवलं.

जावयांनी घास घेतला आणि तोंड तिथेच थांबलं.

"कसं शे?" आबांनी विचारलं.

माणूस सज्जन. "झकास शे, आबा," म्हणाले. "फक्त मझार गार शे."

मझार म्हणजे आत. आत बर्फ होता आणि बर्फाभोवती लालभडक कच्चा खिमा.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आबा, पुरुषांना घाई असते."

नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझं माहेरचं तिकीट काढून ठेवलंय. आबांनी कालथा खाली ठेवला, जरा सरकले आणि म्हणाले, "बैस."

मी लाकडं मागे ओढली. नव्या टिकिया मंद आचेवर ठेवल्या, वर झाकण घातलं, दाबल्या मुळीच नाहीत. सावकाश उलटल्या. मग सगळ्यांत जाड होती ती मोडून आबांपुढे धरली. मधोमध वाफ, लालीचा ठिपका नाही.

तेव्हापासून चुलीपाशी दोन पाट. भाजायची मी, आबा जाड टिकिया मोडून तपासायचे, ती स्वतःच खायचे आणि गावभर सांगायचे, "आम्ही करतो." एकदा वीज गेली आणि सगळ्या टिकिया पाघळून कोमट झाल्या. भाऊजी म्हणाले, पुन्हा गोठतील की! आबांनी खड्डा खणून त्या पुरल्या. "जावई एकदा वाचला. दर वेळी परीक्षा नको."

शेवटच्या दुखण्यात त्यांना अंगणात येणं होईना. मी बशी खाटेपाशी नेली. त्यांनी टिकिया मोडली, बोटं पोळली, तशी तोंडात घातली.

"मझार गार शे."

"मग बोटं कशाला चोखता?"

"तुले काय घाई शे? दुसरी आन."

दुसरी सावकाश भाजून आणली, तोवर त्यांचा डोळा लागला होता. त्यानंतर त्यांनी काही मागितलं नाही.

अजून रविवारी जाड टिकिया मोडते आणि शेजारच्या रिकाम्या पाटासमोर ठेवते. मुलगा म्हणतो, "आई, ती गार होतेय."

"होऊ दे," मी म्हणते. "आबांना ती गरम असली तरी गारच लागायची."