तुमची बाजू, अब्बा

आमची रिदा पत्रकारितेचा कोर्स करायला निघाली, तेव्हा मोहल्ल्यात कोण काय बोललं ते मी विसरलेली नाही. "नूरुन्निसा, पोरीला माईक देऊन गावभर फिरवणार का गं?" मी म्हटलं, "फिरवेन! आधी तुमच्याच दारात उभी करेन." माझं तोंड फाटकं आहे, सगळ्या पनवेलला ठाऊक आहे.

पोर शिकली आणि इथल्याच एका साप्ताहिकात लागली. त्याच सुमाराला तिचे अब्बा आखातातून कायमचे परतले. तिकडे समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात केमिस्ट होते. घरी बसून करणार काय? ह्यांनी पाण्यावर ब्लॉग सुरू केला. लोक वाचायला लागले आणि साहेबांची कॉलर ताठ झाली.

बापलेकीची रोज जेवताना जुंपायची. "तुमच्या पेपरवाल्यांना पाण्यातलं ओ की ठो कळत नाही," हे म्हणायचे.

"नाही कळत, म्हणून आम्ही कळणाऱ्याला विचारतो. तुम्ही कुणाला विचारता, अब्बा?"

दोन हजार बारा साली कामोठ्यातल्या एका सोसायटीत मुलं आजारी पडली. तिथला सेक्रेटरी नळाच्या पाण्याची बाटली घेऊन आमच्याकडे आला. ह्यांनी तपासलं. पाणी खराबच होतं, त्यात वाद नाही. सेक्रेटरी म्हणाला, "त्या विठूचा पाण्याचा टँकर यायला लागला तेव्हापासून हे असं." झालं! ह्यांनी विठूचं नाव घालून लेख टाकला.

रिदा चिडली. "विठूला विचारलंत का?"

"पाणी खोटं बोलत नाही," हे म्हणाले.

तो लेख बघता बघता सगळीकडे पसरला. सोसायट्या विठूचा टँकर गेटवरूनच परत पाठवायला लागल्या. त्याची बायको सखूबाई आमच्या दारात येऊन रडली. "आमी काय इख पाजतो लोकांना? टँकर बंद झाला तं आमी खायाचा काय?" हे उठून आतल्या खोलीत गेले. या अल्लाह, मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रिदा तशीच चपला घालून तिच्याबरोबर निघाली. विठूच्या टँकरमधून स्वतःच्या हाताने बाटली भरून घेतली. मग त्या सोसायटीची गच्ची गाठली. सेक्रेटरी किल्ली द्यायला का कू करत होता, पण ही माझी मुलगी, हटते कसली! वर टाकीचं झाकण फुटलेलं आणि आत मेलेलं कबूतर. शी!

टँकरची बाटली तिने बापापुढे ठेवली. ह्यांनी तपासली. पाणी चांगलं निघालं. ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"तो लेख मी काढून टाकतो," हे पुटपुटले.

"गुपचूप?" रिदाने टेबलावर रेकॉर्डर ठेवला आणि समोर खुर्ची ओढून बसली. तिचा आवाजच बदलला. "अब्बा, बातमीत तुमचं नाव येणार आहे. तुमची बाजू ऐकल्याशिवाय मी छापणार नाही. विठूचं नाव लिहिण्याआधी तुम्ही टाकी पाहिली होती?"

सख्ख्या बापाला! मी कढईखालचा गॅस बंद केला.

"नाही," हे म्हणाले.

"विठूला विचारलं होतं?"

"नाही. पाण्यात काय आहे ते मला कळलं. ते कुठून आलं, ते मी ऐकीव लिहिलं. चूक माझी आहे." मग म्हणाले, "जसंच्या तसं छाप. ब्लॉगवर मीही लिहितो, सगळ्यात वर."

शपथेवर सांगते, त्या दिवशी मला दोघांचाही अभिमान वाटला. पण पोरीचा जरा जास्त. खोटं कशाला बोलू?

अंक निघाला आणि विठूचा टँकर पुन्हा गेटातून आत जायला लागला. जुम्म्याची नमाज झाल्यावर ह्यांनी अंकांचा गठ्ठा काखेत मारला आणि मोहल्ल्यात निघाले. माईकवरून टोमणे मारणाऱ्यांच्या दारात आधी गेले. मी मागे होतीच, अशी संधी मी सोडते की काय!

"वाचा," ह्यांनी एकेकाच्या हातात अंक दिला. "माझी चूक छापून आलीय. माझ्या पोरीने छापलीय."