तीन कोटेशनं आणि एक मिस्त्री

सव्वीस वर्षं मी इथे दिल्लीत केंद्र सरकारच्या एका खात्यात खरेदीच्या फायली हाताळल्या. खुर्ची घ्यायची असो की फिनेल, तीन कोटेशनं, बंद पाकिटं, तुलनेचा तक्ता आणि सगळ्यात कमी दरवाल्याला काम. आमचे हे चिडवायचे, "हिला कोथिंबीर आणायला पाठवा, तीन भाजीवाल्यांकडून पाकिटं मागवेल." मी म्हणायची, हो, मागवीन. काय बिघडलं?

ह्यांना रिटायर होऊन वर्ष झालं नाही तोच अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. जीभ जड झाली, पण डोकं लख्ख. दवाखान्यातून घरी सोडायला तीन आठवडे होते आणि द्वारका भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जुना देशी संडास. ह्यांचं एकच मागणं होतं. "बाकी काही कर, पण संडासला मला एकट्याला जाता आलं पाहिजे. बाई नको, आणि तूही नकोस." स्वतःचा रुमालसुद्धा कधी दुसऱ्याला धुऊ न दिलेला माणूस! मी शब्द दिला.

तीन ठेकेदार माप घेऊन गेले, लेटरहेडवर दर लिहून पाठवतो म्हणाले. चौथा सोसायटीच्या गार्डने पाठवलेला एक म्हातारा मिस्त्री. त्याने टेप काढलीच नाही. संडासात उकिडवा बसला, भिंतींकडे बघत राहिला आणि विचारलं, "साहब का कौन सा हाथ चलता है?"

याला काय करायच्यात चौकशा, असं माझ्या मनात आलं. तरी म्हटलं, दाहिना.

"तो कमोड इस कोने में नहीं, उस कोने में लगेगा. पाइप हटाना पड़ेगा. चार दिन ज़्यादा."

झालं! हे वाक्य मी ऑफिसात हजारदा ऐकलं होतं. आधी नसतं काम काढायचं, मग बिल फुगवायचं. मी माझ्या ठेवणीतल्या आवाजात म्हटलं, "जो कहना है, लिखकर दीजिए." तो हसला. "मैडम, लिखना आता तो मिस्त्री क्यों बनता? साहब को एक बार कुर्सी पर बिठाकर देख लीजिए." आणि गेला. मी त्याच्या नावापुढे 'अपात्र' लिहिलं.

पाकिटं यायला आठवडा गेला. मग मी तक्ता केला. पट्टीने रेघा मारून अकरा रकाने: टाइल, पाइप, आधाराचा दांडा, दिवस, गॅरंटी, सगळं. दवाखान्यात नेऊन ह्यांना दाखवला, तर चालत्या हाताने मला सलाम ठोकला. इतकी खूश झाले होते मी, काय सांगू!

कमी दरवाल्याने चार दिवसांत जुनी फरशी उखडली, जुन्याच कोपऱ्यात कमोड बसवला, शेजारच्या भिंतीला चकचकीत स्टीलचा दांडा ठोकला. दुसऱ्या दिवशी प्रदूषणाने हवा बिघडली आणि दरवर्षीसारखी बांधकामबंदी आली. टाइलची खोकी बाल्कनीत राहिली, खाली नुसतं खरबरीत सिमेंट. म्हटलं, राहू दे, मुख्य काम तर झालं.

हे घरी आले त्या सकाळी मी त्यांना आत बसवलं. त्यांच्या हुकमाप्रमाणे बाहेर येऊन दार लावलं आणि कान देऊन उभी राहिले. खूप वेळ गेला. फ्लशचा आवाज येईना. शेवटी हाक आली, "अगं..."

दार उघडलं. दांडा डावीकडे होता. मांडीवर निपचित पडलेल्या हाताच्या शेजारी. उजवा हात छातीवरून ओढून ओढून त्यांनी दांड्यापर्यंत नेला होता, बोटं पोचत होती, पण जोर लागत नव्हता. उजवीकडे धरायला काही नव्हतं.

"ह्या हाताने काय धरू?" त्यांनी विचारलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते काय खोटं? अकरा रकाने आखले मी, पण नवऱ्याचा कुठला हात चालतो याला एक रकाना नव्हता.

ठेकेदाराला फोन केला. "मैडम, ड्रिल चली तो चालान कटेगा. बैन हटने दो." गार्डकडून मिस्त्रीचा नंबर घेतला. काम बंद म्हणून तो गावी निघून गेला होता. ज्या माझ्यापुढे ठेकेदार हात जोडून उभे राहायचे, ती मी त्या माणसासमोर फोनवर ढसाढसा रडले. "आपने ठीक कहा था, भैया. मेरी गलती हो गई."

तो एक शब्दही टोचून बोलला नाही. म्हणाला, "बैन हटते ही आऊँगा, बहनजी. तब तक आप साहब के दाहिने खड़ी रहिए."

तेव्हापासून मी उजवीकडे उभी असते. दिवसातून चार-पाच वेळा. हे भिंतीकडे बघत बसतात, मी दाराकडे. मग माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून उठतात, आणि माझे गुडघे तर आधीच कामातून गेलेले. रोज सकाळी उठल्या उठल्या मोबाइलवर हवेचा आकडा बघते. लालच असतो मेला. हे पाणीसुद्धा कमी प्यायला लागलेत, मला कळतं, पण बोलायचं काय?

काल त्यांना उठवताना त्या खरबरीत सिमेंटवर माझाच पाय अडखळला. चौकट हाताशी आली म्हणून वाचलो. दोघंही धापा टाकत तसेच उभे राहिलो. ह्यांनी खांदा घट्ट धरला होता.

"आणि तू पडलीस तर?" जड जिभेने त्यांनी विचारलं.

मी हात मागे नेऊन फ्लश दाबला.