घरच्यांना दिलेला खाते नंबर

नोकरीसाठी पुण्याला निघाले तेव्हा औशाच्या बसस्टँडवर माझ्या वडिलांनी, आप्पांनी, माझ्याकडून एकच गोष्ट मागून घेतली, बँकेचा खाते नंबर. बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. मापं लिहायच्या वहीतल्या कागदावर त्यांनी तो लिहून घेतला. "तिथं कुणापुढं हात पसरू नको. लागलं की सांग, मी हितून टाकतो," म्हणाले. गाडी हलली तेव्हा मला शहराची भीती वाटत होती, नव्या हॉस्पिटलची वाटत होती. त्या नंबराची कशाला वाटेल?

पहिलं वर्ष नर्सचा पगार खोलीभाड्यातच जायचा. आप्पा पैसे टाकायचे, काका टाकायचे. एकदा काकूनं भिशीचे टाकले. मोबाईलवर मेसेज आला की घरचं कुणीतरी पाठीशी आहे असं वाटून त्या दिवशी नीट जेवण जायचं.

गेल्या वर्षी काकांच्या महेशचा फोन आला. "ताई, माझं खातं बंद पडलंय. ऑनलाइन काम करायलोय, त्याचे पैसे तुझ्या खात्यात येऊ दे. आले की मी सांगतो तिकडं पाठव." आई दवाखान्यात होती त्या वर्षी काकूनं मला आणि महेशला एका ताटात जेवू घातलं होतं. त्याला कसले प्रश्न विचारायचे? मी हो म्हणाले.

तीन दिवसांत माझ्या वर्षाच्या पगाराहून जास्त पैसे आले, अनोळखी नावांनी. मी महेशला विचारलं, "ही माणसं कोण रे?"

"गिऱ्हाइकं हायत ताई. तू लई विचार करतीस."

मी पाठवत राहिले. शंका मला तेव्हाच आली होती.

पुढच्या आठवड्यात मेडिकलवर माझं पेमेंट होईना. बँकेतल्या मॅडमनी स्क्रीन पाहिला आणि आवाज हळू केला. "सायबर पोलिसांनी खातं गोठवलंय." दुसऱ्या राज्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेला भामट्यांनी फोनवर धमकावून तिची सगळी पुंजी काढून घेतली होती. त्यातला काही भाग माझ्या खात्यातून पुढं गेला होता. मला चार दिवसांनी पोलीस ठाण्यात हजर राहायचं बोलावणं आलं. महेशचा फोन बंद. त्या चार दिवसांत लिफ्टमधून खाकी कपड्यातला वॉचमन बाहेर आला तरी माझ्या हातातला ट्रे निसटला.

मग काकांचा फोन आला. "पोरी, महेशचं नाव घेऊ नको. तू बाईमाणूस, तुला सोडून देतील. त्याची जिंदगी बरबाद होईल." मी घाबरून गप्प बसायचं ठरवलंही होतं. फक्त आप्पांना सांगितलं. त्यांनी फक्त ठाण्यात कधी बोलावलंय ते विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभे होते.

ठाण्यात साहेबांनी विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरून घेतले पैसे?" मला काकांचा फोन आठवला. शेजारून आप्पा म्हणाले, "माझ्या पुतण्याच्या, साहेब. लिहून घ्या." सख्ख्या भावाच्या पोराचं नाव, वय, पत्ता त्यांनी थांबत थांबत सांगितला. स्वतःच्या घराशेजारचा पत्ता, तरी ते दोनदा चुकले. आप्पांना घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग मी मोबाईल काढून महेशचे मेसेज दाखवले.

महेशला अटक झाली. थोड्याशा कमिशनसाठी त्यानं त्या भामट्यांना माझं खातं वापरू दिलं होतं. आता तो जामिनावर आहे. माझं खातं काही महिन्यांनी सुटलं, मी साक्षीदार झाले. त्या शिक्षिकेला तिचे सगळे पैसे अजून मिळालेले नाहीत. तिचा चेहरा मी पाहिलेला नाही, तरी तो मला दिसत राहतो.

औशातल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, आमच्या दोन घरांत एकच अंगण होतं. काकांनी आता मधोमध पत्रे ठोकलेत. दिवाळीला गेले तर पलीकडं काकू भांडी घासत होती. मी "काकू" म्हणून हाक मारली. भांड्यांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. मला अजूनही ती बाजू माझंच घर वाटते. म्हणून सुट्टी मिळाली की जाते, पत्र्याजवळ उभी राहते आणि हाक मारते.