रिलिव्हर येईपर्यंत

आमच्या विहीणबाईंना खुर्चीवरून उठवू शकेल असा माणूस नाशिक जिल्ह्यात अजून जन्मायचा आहे. हे मी जबाबदारीने सांगते, कारण मी स्वतः प्रयत्न करून पाहिला आहे. माझी मुलगी त्यांची सून. नाशिकरोडला त्यांचं घर रुळांच्या इतकं जवळ आहे की गाडी जाताना मांडणीतल्या वाट्या किणकिणतात. बाई म्हणतात, "शांत आहे हो आमचं घर."

मनमाडच्या तिकीटखिडकीवर नोकरी करून त्या निवृत्त झाल्या आणि वडिलांवर पुस्तक लिहायला बसल्या. वडील गँगमन, जन्मभर हातोडा घेऊन रूळ तपासत चालले. आता ते मनमाडलाच मुलाकडे असतात आणि त्यांना दिवसेंदिवस कमी ऐकू येतं. लेक पहिलं प्रकरण वाचून दाखवायला गेली तर म्हणाले, "समदं झालं की आण. अर्धी गाडी कुनी सोडतं का?" झालं. आता त्यांचे कान जायच्या आत पुस्तक संपवणं आलं.

पण बाईंना बैठकच नव्हती. दोन ओळी लिहिल्या की कोथिंबीर निवडायची आठवण, आणखी एक लिहिली की पंख्यावरची धूळ दिसायची. मुलीने मला फोनवर सांगितलं, "आई, घर इतकं स्वच्छ कधीच नव्हतं." मी विचारलं, "आणि पुस्तक?" ती हसली.

मग बाईंना आपली नोकरी आठवली. खिडकीवर नियम एकच: बदलीचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, समोर उभा राहिल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. घरी रिलिव्हर कुठून आणणार? त्यांनी गाडीलाच नेमलं. लिहायला बसायचं ते मनमाडकडून येणारी पॅसेंजर धडधडत गेली की मगच उठायचं. तेवढं अंगवळणी पडल्यावर त्यांनी रिलिव्हर बदलला, पुढची गाडी धरली, मग तिच्याही पुढची. सुरुवातीला मान धरायची, बोटं आखडायची, आणि पानावर निम्मा वेळ नुसत्या रेघोट्या. "रेघोट्या तर रेघोट्या," त्या म्हणायच्या, "ड्यूटीवर होते ना."

एकदा नाशिकातच, द्वारका चौकाजवळ, नात्यातला साखरपुडा होता. मी रिक्षा दारात उभी करून वर गेले. बाई पैठणी नेसून, अंबाड्यात गजरा माळून लिहीत बसलेल्या. "चला," मी म्हटलं.

"रिलिव्हर आला नाही अजून."

मी मोबाइलवर पाहिलं. गाडी कुठेतरी अडकली होती आणि कधी निघेल याचा पत्ता नव्हता. "अहो विहीणबाई, ती आज येतच नाही."

"मग मीही उठत नाही. खिडकीवर गर्दी आहे, गडबड करू नका."

मी खाली जाऊन रिक्षावाल्याला परत पाठवलं आणि मुलीच्या घरची मेथी निवडत बसले. मेथी संपली, शेंगा सोलून झाल्या, ऊन भिंतीवरून उतरलं. तिकडे जेवणाच्या पंगती उठल्या असतील. बाईंनी पाणीसुद्धा मागितलं नाही. पान उलटल्याचा तेवढा आवाज. अखेर वाट्या किणकिणल्या. बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "संपलं." मला वाटलं, आजचं. पुस्तक संपलं होतं. मी उगाच कुणाचं कौतुक करत नाही, पण त्या संध्याकाळी घरी जाताना रिक्षावाल्याला मी आपण होऊन सांगितलं की माझी विहीण लेखिका आहे.

मनमाडला वडिलांच्या कानाशी बसून त्यांनी सगळं वाचलं. म्हातारबुवांनी डोळे मिटून ऐकलं आणि शेवटी म्हणाले, "लय ब्येस. पन हातोडा किती जड व्हता, त्ये नाय लिवलं."

तेवढ्यासाठी बाई पुन्हा बसल्या आहेत. म्हातारबुवांना आता अगदीच ऐकू येत नाही, म्हणून अक्षर टपोरं काढतात, त्यांना बोट ठेवून वाचता येईल असं. परवा मी गेले तेव्हा गाडी नुकतीच गेली होती, वाट्या अजून हलत होत्या. मी म्हटलं, "तुमचा रिलिव्हर आला की हो."

त्यांनी वर न बघताच विचारलं, "कुठली गाडी?"